एमएसमधला थकवा मोजायचा कसा? वही, प्रश्नावली आणि डॉक्टरांपुढचा एक कागद

ओपीडीत गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, डोळ्यांची हालचाल बघतात, थोडं चालायला लावतात. डॉक्टर म्हणतात, "छान, सगळं स्थिर आहे." तीच बाई घरी पोचल्यावर दारातल्या स्टुलावर पाच-दहा मिनिटं तशीच बसून राहते, कारण वाकून चपला काढायचंही त्राण उरलेलं नसतं. डॉक्टर चुकलेले नसतात. तपासणीत जे दिसतं ते त्यांनी नीट पाहिलेलं असतं. थकवा तपासणीत दिसत नाही, एवढंच.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण खराब करते. हा आजार असलेल्या दर चारपैकी किमान तिघांना थकव्याचा त्रास होतो आणि सगळ्या लक्षणांत हेच सर्वांत जाचक असं त्यातले कितीतरी जण सांगतात. तरीही आजार किती वाढला हे सांगणारी जी मोजपट्टी सगळीकडे वापरतात, ती ईडीएसएस, थकव्याबद्दल फारसं बोलत नाही. कुर्ट्झ्के या न्यूरॉलॉजिस्टनी १९८३ साली मांडलेली ही ० ते १० ची पट्टी ४ च्या पुढे मुख्यतः माणूस किती चालू शकतो यावरच सरकते. एमआरआयवरचे डाग आणि थकवा यांचाही थेट हिशोब लागत नाही. डाग मोजके असलेली व्यक्ती आडवी पडलेली असते आणि डाग भरपूर असलेली व्यक्ती नोकरी करत असते.

म्हणून थकवा वेगळा मोजावा लागतो, आणि जगणं त्याहून वेगळं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी. एमएस असलेल्या माणसांबरोबर हे मोजमाप करताना जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. तुम्ही स्वतः रुग्ण असाल, घरचे असाल किंवा फिजिओथेरपी-ऑक्युपेशनल थेरपीतले असाल, तिघांनाही उपयोग होईल असं बघितलं आहे.

पहिली पायरी: शब्द लावून घ्या

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण मराठीत इथेच घोळ होतो. पेशंट म्हणतो, "वीकनेस आलाय." डॉक्टरांच्या कानाला वीकनेस म्हणजे स्नायूंची ताकद कमी होणं. ते हात दाबून बघतात, ताकद चांगली असते, विषय संपतो. पेशंटला म्हणायचं असतं गळून जाणं. दुसरी म्हणते, "कंटाळा येतो हो सारखा." घरच्यांना वाटतं हिचं मन लागत नाही, पण तिला अंग उचलत नाही हेच सांगायचं असतं. तिसरा म्हणतो "झोप येते", आणि विचारलं तर दुपारी आडवा पडूनही त्याचा डोळा लागत नाही. ती झोप नव्हेच.

प्रश्नावली हातात घेण्याआधी हे चार धागे सुटे करा. एक, ताकद: डबा उघडत नाही, पाय घासतो, जिना चढताना पाय उचलत नाही. दोन, झोप: बसल्या जागी पेंग येते, टीव्हीसमोर डोळा लागतो. तीन, उदासी: काही करावंसंच वाटत नाही, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नाही. चार, थकवा: करायची इच्छा आहे, ताकदही आहे, पण सुरू केल्यावर थोड्याच वेळात आतून बॅटरी उतरल्यासारखं होतं, आणि तेवढा वेळ विश्रांती घेऊनही ती पूर्ण भरत नाही. एमएसमध्ये या चारही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. मोजताना मात्र त्यांची सरमिसळ नको.

एक सोपी युक्ती आहे. पेशंटला विचारा, "तुम्ही घरी कोणता शब्द वापरता?" कोणी शीण म्हणेल, कोणी मरगळ, कोणी "गळाठून जाते" म्हणेल. तो शब्द प्रश्नावलीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वेळी तोच शब्द वापरा. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी मोजमाप केलं तरी प्रश्नाचा अर्थ तोच राहतो.

दुसरी पायरी: कशासाठी मोजताय ते ठरवा, मग साधन निवडा

थकवा आहे की नाही, एवढंच बघायचं असेल तर एफएसएस (फटीग सिव्हिअरिटी स्केल) पुरते. लॉरेन क्रप आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली तयार केलेली ही नऊ विधानांची पट्टी गेल्या आठवड्याबद्दल विचारते. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत ते १ ते ७ मध्ये सांगायचं. पाच मिनिटांचं काम.

थकवा नेमका कुठे आडवा येतो, हे बघायचं असेल तर एमएफआयएस (मॉडिफाइड फटीग इम्पॅक्ट स्केल) ही प्रश्नावली घ्या. हिच्यात २१ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण. नऊ प्रश्न शरीराबद्दल, दहा प्रश्न डोक्याच्या कामाबद्दल म्हणजे लक्ष, आठवण, विचार मांडणं यांबद्दल, आणि दोन प्रश्न लोकांत मिसळणं-बाहेर पडणं याबद्दल. कालावधी गेल्या चार आठवड्यांचा. मला स्वतःला हीच जास्त उपयोगी वाटते. शरीराचा थकवा आणि डोक्याचा थकवा यांवरचे उपाय वेगळे असतात आणि एफएसएसच्या एका आकड्यातून तो फरक कळत नाही.

जगण्याच्या गुणवत्तेसाठी वेगळं साधन लागतं. एमएसक्यूओएल-५४ ही १९९५ मधली प्रश्नावली सर्वसाधारण आरोग्याच्या एसएफ-३६ वर एमएसचे १८ प्रश्न जोडून केलेली आहे. सगळं विचारते, पण लांब आहे, आणि ज्याचा थकवाच मोजायचा त्याला ५४ प्रश्न एका बैठकीत देणं जड जातं. एमएसआयएस-२९ ही २००१ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली प्रश्नावली आटोपशीर आहे: शरीरावरच्या परिणामाचे २० प्रश्न, मनावरच्या परिणामाचे ९, कालावधी दोन आठवडे. ईक्यू-५डी तर पाचच प्रश्नांची, जोडीला ० ते १०० ची उभी पट्टी, आणि तिची मराठी आवृत्तीही आहे. पण तिच्या पाच प्रश्नांत थकव्याचा प्रश्नच नाही, आणि ती फक्त 'आज'बद्दल विचारते. एकट्या तिच्यावर विसंबू नका.

बहुतेकांसाठी माझी शिफारस एमएफआयएस आणि एमएसआयएस-२९ या जोडीची आहे. दोन्ही मिळून ५० प्रश्न होतात. मध्ये चहा घ्या, किंवा दोन दिवसांत विभागा.

यांतल्या काही प्रश्नावल्यांना हक्कधारकांची परवानगी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दवाखान्यात बसून कुणी घाईत केलेल्या मराठी भाषांतरावर मूळ प्रश्नावलीच्या मर्यादा, म्हणजे किती गुणांपुढे त्रास लक्षणीय धरायचा ते आकडे, लावू नका. रीतसर भाषांतर म्हणजे दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, तिसऱ्याने मूळ न बघता परत उलटं करायचं, मग काही रुग्णांना वाचून दाखवून "तुम्हाला यातून काय कळलं?" असं विचारायचं. तसं भाषांतर हाताशी नसेल, तर प्रश्न तोंडी समजावून घेतलेले आकडे त्याच माणसाच्या पुढच्या आकड्यांशी ताडून बघायला चालतील, दुसऱ्यांशी तुलना करायला नाही.

तिसरी पायरी: वेळ, जागा आणि ऊन

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. एका बाईंचं पहिलं मोजमाप मी जानेवारीत सकाळी दहाला केलं. तीन महिन्यांच्या थेरपीनंतर दुसरं केलं ते एप्रिलअखेर, दुपारी दोनला, बस बदलून त्या आल्याबरोबर. आकडे बिघडलेले. त्या रडवेल्या झाल्या, आणि थेरपीचा उपयोग नाही असं मलाही वाटलं. पुढच्या आठवड्यात सकाळी, पंख्याखाली अर्धा तास बसवून पुन्हा विचारलं तेव्हा उत्तरं पार वेगळी होती.

एमएसमध्ये अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं तरी लक्षणं तात्पुरती उफाळतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला उथॉफ फिनॉमिनन म्हणतात. विदर्भातल्या मे महिन्यात घेतलेला आकडा डिसेंबरच्या आकड्याशेजारी ठेवताना ऋतू लिहिलेला नसेल, तर त्या तुलनेवरून काही ठरवता येत नाही.

म्हणून दर वेळी सारखं ठेवा: दिवसाची वेळ (शक्यतो सकाळची), बसायची जागा, आधी घेतलेली विश्रांती. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असेल तर मोजमाप पुढे ढकला. नुकताच एमएसचा अटॅक येऊन गेला असेल, म्हणजे लक्षणं अचानक वाढली असतील, स्टेरॉइडचे सलाइन चालू असेल, तरी थांबा. दर काही महिन्यांनी इन्फ्युजन (शिरेतून दिलेलं एमएसचं औषध) घेणाऱ्या काहींना पुढचा डोस जवळ आला की जास्त गळाल्यासारखं वाटतं. तेव्हा शेवटच्या डोसपासून किती आठवडे झाले तेही लिहा. पाळीचे दिवस लिहा. आदल्या रात्रीची झोप लिहा. हे सगळं कागदाच्या वरच्या दोन ओळींत मावतं.

चौथी पायरी: भरताना शेजारी बसा, पण उत्तर देऊ नका

साताऱ्याकडच्या एक ताई, प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय चाळिशीच्या आतलं. प्रश्नावली सुरू केली आणि पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यांच्या सासूबाईंनी देऊन टाकली. "नाही, ती सगळं करते." माया होती त्यात, लपवाछपवी नव्हती. मी सासूबाईंना बाहेर चहाला पाठवलं. हे करावंच लागतं. उत्तर पेशंटचं हवं. लिहिता येत नसेल, नजर अधू असेल, तर तुम्ही वाचा आणि त्यांनी सांगितलेला आकडा जसाच्या तसा लिहा.

मग घराबाहेरच्या गोष्टी थकव्यामुळे कमी झाल्या का, या अर्थाचा प्रश्न आला. ताईंनी ० ला गोल केला. मी फक्त विचारलं, "हे शून्य का वाटलं?" त्या म्हणाल्या, "आता मला कुणी बोलावतच नाही ना. मग कमी कसं होणार?" दोन वर्षांपूर्वी त्यांनी तीन-चार हळदीकुंकवांना नाही म्हटलं होतं, नंतर निमंत्रणं बंद झाली. मी उत्तर सुचवलं नाही. प्रश्नाच्या सुरुवातीचे शब्द, "थकव्यामुळे, गेल्या चार आठवड्यांत", पुन्हा वाचले. त्यांनी पेन उचललं, शून्य खोडलं आणि ३ ला गोल केला.

हा सापळा फार ठिकाणी लागतो. स्वयंपाक करताना थकवा येत नाही, कारण कणीक मळणं सासूबाईंकडे गेलं आहे. जिन्याचा त्रास नाही, कारण वरच्या मजल्यावर जाणंच सोडलं आहे. माणूस आपलं जग लहान करत जातो आणि त्या लहान जगात थकवा कमी दिसतो. म्हणून प्रश्नावलीच्या मागच्या बाजूला एक जादा प्रश्न मी हाताने लिहिते: "गेल्या वर्षभरात कोणती कामं सोडली किंवा दुसऱ्याला दिली?" याला गुण नाहीत. पण बऱ्याचदा सगळ्यात जास्त माहिती इथूनच मिळते.

पाचवी पायरी: बेरीज

ताईंचेच आकडे घेऊ. एफएसएसच्या नऊ उत्तरांची बेरीज ५१. भागिले ९, म्हणजे ५.७. सरासरी ४ किंवा त्याहून जास्त असेल तर थकवा लक्षणीय धरतात. एमएसमध्ये काही अभ्यासक ५ ची मर्यादाही वापरतात.

एमएफआयएस: शरीर ३६ पैकी २४, डोक्याचं काम ४० पैकी १७, बाहेर मिसळणं ८ पैकी ५. एकूण ८४ पैकी ४६. इथे साधारण ३८ ही मर्यादा धरली जाते. तीनही उपबेरजा वेगळ्या लिहाच, नुसते ४६ लिहून सोडू नका. ताईंचा शरीराचा थकवा दोनतृतीयांश आहे, डोक्याचा निम्म्याहून कमी. वर्गात शिकवणं त्यांना जमतं, तासाला उभं राहणं जमत नाही, हे या दोन आकड्यांतून दिसतं.

एमएसआयएस-२९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक प्रश्नाला १ ते ४ गुण असतात. शरीराच्या २० प्रश्नांची बेरीज ५० आली. त्यातून २० वजा, उरले ३०. त्याला ६० ने भागून १०० ने गुणायचं: ५०. मनाच्या ९ प्रश्नांची बेरीज २४. त्यातून ९ वजा, १५. भागिले २७, गुणिले १००: साधारण ५६. इथे आकडा जास्त म्हणजे परिणाम वाईट. एमएसक्यूओएल-५४ मध्ये उलट, आकडा जास्त म्हणजे जगणं चांगलं. दोन्ही वापरत असाल तर कागदावर बाणाने दिशा दाखवा. यात मोठमोठ्या लोकांची गल्लत झालेली मी पाहिली आहे.

सहावी पायरी: चौदा दिवसांची वही

प्रश्नावली आठवणीवर चालते, आणि आठवण शेवटच्या वाईट दिवसाकडे झुकते. म्हणून सोबत दोन आठवड्यांची नोंद ठेवा. दिवसातून चार वेळा ० ते १० मध्ये थकवा लिहायचा, ० म्हणजे अजिबात नाही. शेजारी त्याआधी काय केलं ते चार शब्दांत. मोबाइलवर गजर लावा, कारण वेळ टळली की मागाहून अंदाजाने भरलं जातं.

ताईंच्या वहीतला एक मंगळवार: सकाळी ६ ला ५, रात्री चारदा उठले. ९ ला ४, पोळी-भाजी, बसून. दुपारी १ ला ८, तीन तास सलग उभं. रात्री ८ ला ७, पडून होते. अशी चौदा पानं झाली आणि दोन गोष्टी समोर आल्या. सकाळी उठतानाच थकवा पाचावर होता, आणि उभं राहण्याच्या तासांनंतर तो दुपटीने वाढत होता. बसून केलेल्या स्वयंपाकाने तो वाढत नव्हता.

सातवी पायरी: थकव्याच्या मागे दुसरं काही आहे का

एमएसवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या झाल्या आहेत का ते डॉक्टरांना विचारा. रात्री लघवीला उठणं, पाय आखडणं, घोरणं, दुखणं, यांनी झोप मोडते आणि सकाळ थकलेलीच उगवते. स्नायूंचा ताठपणा कमी करणारं बॅक्लोफेनसारखं औषध सुस्ती आणू शकतं. दिवसा पेंग येत असेल तर एपवर्थ पट्टी भरा: आठ प्रसंग, एकूण २४ गुण, १० च्या वर गेलं तर झोपेची तपासणी हवी.

उदासीसाठी पीएचक्यू-९ मराठीत मिळते. २७ पैकी १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं. तिच्यात थकवा आणि झोप यांचेही प्रश्न आहेत, त्यामुळे एमएस असलेल्याचा आकडा नुसत्या थकव्यानेही थोडा फुगतो. कोणत्या प्रश्नांनी गुण वाढवले ते बघा. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज बाजूला ठेवून त्याच वेळी शांतपणे बोला, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आठवी पायरी: पुन्हा मोजणं

एमएफआयएस चार आठवड्यांबद्दल विचारते, तेव्हा पंधरा दिवसांनी पुन्हा भरण्यात अर्थ नाही. उपचारात बदल केला असेल तर तीन महिन्यांनी, नाहीतर सहा महिन्यांनी. दोन-चार गुणांच्या फरकावर आनंद किंवा दुःख करू नका, तेवढं तर कोणत्याही दोन दिवसांत हलतं.

दहा गुण उतरले तरी लगेच औषधाला श्रेय देऊ नका. थकव्यावर वर्षानुवर्षं दिल्या जाणाऱ्या अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तीन औषधांची अमेरिकेत १४१ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले. सुरुवातीचा एमएफआयएस सुमारे ५१ होता. औषध घेताना तो ४० च्या आसपास आला, आणि नुसती प्लासिबोची, म्हणजे औषध नसलेली गोळी घेतानाही ४० च्याच आसपास आला. म्हणून एका आकड्यावर भरवसा न ठेवता वहीतही फरक दिसतो का, सोडलेलं काम परत सुरू झालं का, हेही बघा. ही औषधं चालू असतील तर मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

थकवा उतरला आणि जगण्याचा आकडा जागचा हलला नाही, असंही होतं. तेव्हा आडकाठी दुसरीकडे असते: नोकरी, पैसा, घरातलं बोलणं, एकटेपण. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. तिथे हाच आजार असलेली माणसं भेटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे. शाळेत किंवा ऑफिसात बसायची सोय, कामाच्या वेळेत बदल मागताना हे माहीत असलेलं बरं, आणि तारखांसकट ठेवलेली नोंद तिथेही सोबत न्या.

नववी पायरी: एकच कागद

ओपीडीत चौदा पानांची वही वाचायला वेळ नसतो. एका कागदावर लिहा: तारीख, ऋतू, शेवटच्या डोसची तारीख. एमएफआयएसच्या तीन उपबेरजा, शेजारी मागच्या वेळच्या. एमएसआयएस-२९ चे दोन आकडे. वहीतून दिसलेल्या दोन गोष्टी. सोडलेली कामं. आणि तळाशी डॉक्टरांना एकच प्रश्न, नेमका.

ताईंनी लिहिलं होतं: "रात्री चार वेळा लघवीला उठते, त्यावर काही करता येईल का?" डॉक्टरांनी कागद वाचला, लघवीची तपासणी करून घेतली, मूत्राशयासाठी औषध सुरू केलं. मी शाळेला पत्र दिलं आणि वर्गात फळ्याजवळ उंच खुर्ची आली. तीन महिन्यांनी, पुन्हा सकाळी दहाला, त्याच खोलीत मोजलं: शरीर २४ वरून १७, डोक्याचं काम १७ वरून १५, बाहेर मिसळणं ५ वरून ३. वहीत सकाळी ६ चा आकडा बहुतेक दिवशी २ किंवा ३ होता. मागच्या बाजूच्या जादा प्रश्नाखाली त्यांनी स्वतःहून एक ओळ वाढवली होती: "भाचीच्या केळवणाला गेले. दोन तास बसले. जेवून आले."